रांजणाजवळचा उलटा पेपर

मी वाचायला शिकले ती आधी उलटं आणि मग सुलटं. लोक हसतात, हसू देत.

आमचे हे 'भीमातीर' साप्ताहिकाच्या छापखान्यात बायंडर होते. ते गेल्यावर मालकांनी, म्हणजे संपादक यज्ञेश्वरपंतांनी, मला कागदाच्या घड्या घालायला ठेवून घेतलं. माझी घडी सरळ पडते असं पाहिल्यावर वर्षभरानं त्यांनी मला खिळे सोडायला बसवलं. छापून झालेला मजकूर मोडायचा आणि शिशाचा एकेक खिळा ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचा, याला खिळे सोडणं म्हणतात. मला अक्षरओळख नव्हती. पण तांदळातले खडे निवडणाऱ्या बाईला 'प' आणि 'ष' वेगळा काढायला कितीसा वेळ लागणार? आणि शेजारच्या घोडीवर, म्हणजे खिळ्यांचे खण मांडलेल्या उंच चौकटीपुढं, सिद्धलिंगप्पा होते.

सिद्धलिंगप्पा आमचे मुख्य जुळारी, खिळे जुळवून मजकूर उभा करणारे. गाव अक्कलकोटच्या अलीकडे, घरची बोली कन्नड. मराठी त्यांनी आईकडून नाही, शिशाकडून उचलली होती. मी खिळा खणात टाकला की ते मान न वळवता म्हणायचे, "तो 'घ', अंबक्का. घराचा." पुढचा टाकला की, "तो 'ध'. धोतराचा." असं करत सहा महिन्यांत मला वाचता यायला लागलं, पण फक्त शिसं. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं आणि जुळारी ते वरचं खाली करून वाचतो. त्यामुळं छापलेला पेपर हातात आला की मी आंधळी. मग मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून पेपर उन्हाकडे धरायची, मागच्या बाजूनं, डोकं खाली करून. शेजारच्या सोजरबाईंनी गल्लीभर सांगितलं की अंबुबाईला वरचं काहीतरी लागलंय. पुढं सुलटंही जमलं, पण अजूनही मन लावून वाचायचं असेल तर मला शिसंच बरं वाटतं.

आता एक गंमत सांगते. जुळाऱ्याला अक्षरं दिसतात, मजकूर दिसत नाही. भाकऱ्या थापणाऱ्या बाईला विचारा, पंगतीला कोण कोण होतं. तिला काय माहीत? सिद्धलिंगप्पांनी त्यांच्याच गावचा पूल वाहून गेल्याची बातमी स्वतःच्या हातानं जुळवली होती, आणि पूल गेल्याचं त्यांना आठ दिवसांनी मेव्हण्याकडून कळलं. हिप्परग्याच्या तलावाचं पाणी दोन दिवस येणार नाही, हे 'भीमातीर'नं सगळ्या सोलापूरला सांगितलं. त्या दिवशी नळावर रिकामी घागर घेऊन उभी राहिलेली एकूण सहा माणसं होती आणि सहाही आमच्या छापखान्यातली. गावाला शहाणं करणारे आम्ही, आमच्यापर्यंत काही पोचायचं नाही.

त्या वर्षी मार्गशीर्षात सिद्धलिंगप्पांचा हात थरथरायला लागला. त्यांचं बोट ज्या खणावर जायचं त्याच्या शेजारच्या खणात पडायचं. पोटात कळ आली की ते घोडीला धरून उभे राहायचे आणि घाम पुसून पुन्हा कामाला लागायचे. चेहरा राखेसारखा झालेला. अशात चाटी गल्लीतल्या एका कापडवाल्या शेठजींच्या सत्काराची बातमी आली. तिच्यात 'थोर व्यापारी' असं होतं, ते 'चोर व्यापारी' असं छापून गेलं. शेठजींनी गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या जत्रेच्या, विशेषांकातली पान चारवरची आपली मोठी जाहिरात काढून घेतली. बातमीवर रागवायचं एकवेळ ठीक, पण शेठजींच्या गिऱ्हाइकांना त्यात काही चुकलंय असं वाटलं नव्हतं, हा खरा राग होता.

पंतांचा पेपर दारूबंदीचा. दर अंकात दारूवर अग्रलेख. ज्याच्या डोक्यात दारू असते त्याला जिकडेतिकडे दारूच दिसते, मग तो पिणारा असो की न पिणारा. थरथरणारा हात, उतरलेला चेहरा, चुकणारी अक्षरं. पंतांनी मनाशी निकाल लावून टाकला. मशीनवाल्या मानसिंगला त्यांनी सांगितलं की गड्ड्याचा अंक निघाला की सिद्धलिंगप्पांना दुसरीकडे जागा बघायला सांगायचं. मानसिंगनं मला सांगितलं, मी कुणाला सांगितलं नाही तरी दुपारपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं. एकट्या सिद्धलिंगप्पांना ठाऊक नव्हतं. बावीस वर्षं त्या घोडीवर उभा राहिलेला माणूस, लिंगायत, कपाळाला विभूती, दारूच्या दुकानासमोरून जाताना नाकाला उपरणं लावणारा. त्याच्या माथ्यावर गावभर पिण्याचा शिक्का बसणार होता आणि मग सोलापुरात त्याला कोण उभं करणार होतं?

संक्रांतीला बारा दिवस होते. मी मागच्या अंकाचे खिळे सोडत होते. हातात 'आरोग्यविचार' सदराचा मजकूर होता. हे सदर गावातले एक डॉक्टर इंग्रजी मासिकं वाचून लिहायचे आणि पंत ते जागा उरली की घालायचे. मी डावीकडून एकेक ओळ मोडत चालले होते आणि मोडता मोडता वाचत होते. 'शिशाचे काम करणाऱ्या इसमांस.' टाकला 'स'. 'पोटात वारंवार कळ येते, मनगट लुळे पडते, हात कापतो.' माझा हात थांबला. 'हिरड्यांच्या कडेस निळसर काळी रेघ दिसते. पुष्कळदा अशा इसमास लोक मद्यपी समजतात.'

ही ओळ कुणी जुळवली होती? सिद्धलिंगप्पांनीच. त्याच थरथरत्या हातानं.

मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, तोंड उघडा. ते दातांत शिशाची पातळ पट्टी धरून प्रुफातल्या चुका दुरुस्त करत होते. ओळीत जागा कमी पडली की घालायला पट्ट्या लागतात आणि दोन्ही हात कामात असतात, म्हणून आम्ही सगळेच त्या दातांत धरायचो. मलाही ती सवय त्यांनीच लावली होती. त्यांनी पट्टी काढली, लहान मुलासारखा आ केला. हिरड्यांच्या कडेनं, दातांच्या मुळाशी, कुणीतरी बारीक टाकानं आखावी तशी निळी रेघ.

मी तशीच पंतांकडे गेले. त्यांना सांगितलं, लेखात असं असं आहे, आणि सिद्धलिंगप्पांच्या तोंडात तसंच्या तसं आहे. पंतांनी प्रुफावरनं मान वर केली नाही. तो लेख त्यांनी स्वतः तपासला होता म्हणे, तो रंगाऱ्यांसाठी आहे, आणि आपल्याकडे लोक वीस-वीस वर्षं काम करतात. खरं होतं, त्यांनी तपासला होता. त्यातले तीन स्वल्पविराम त्यांनीच सुधारले होते. त्यांनी प्रूफ वाचलं होतं, लेख वाचला नव्हता.

बाहेर आले आणि उरलेला मजकूर सोडायचा तो मी सोडला नाही. मोडलेल्या दोन ओळी परत जुळवल्या, सगळ्याला सुतळीनं घट्ट बांधलं आणि तो ठोकळा पाण्याच्या रांजणाजवळच्या तिवईवर ठेवला. दिवसातून चार वेळा प्रत्येक जण तिथं पाणी प्यायला जातो. शाई लावायची नाही, कागद लागायचा नाही. छापखान्यातल्या माणसाला शिसं वाचता येतं, आणि मालकांना येत नाही. पंतांना तो बांधून ठेवलेला कुठल्यातरी जाहिरातीचा मजकूर वाटला. ते रोज त्याच्यावरनं हात पुढं करून पाणी घ्यायचे.

पहिल्या दिवशी लोक हसले. आपणच जुळवलेलं आपल्यालाच वाचायला ठेवलंय, म्हणाले. पण पाणी पिताना माणूस रिकामा असतो, डोळे कुठंतरी टेकतातच. दुसऱ्या दिवशी दोघा जुळाऱ्यांनी आपली हिरडी मशीनच्या पितळी चकतीत बघितली. तिसऱ्या दिवशी मी वर दोन ओळी वाढवल्या: पट्टी दातांत धरू नये, भाकरीआधी हात राखेनं धुवावेत, खिळ्यांची पानं बांधायच्या दगडावर बसून जेवू नये. चौथ्या दिवशी रांजणाशेजारी कुणीतरी राखेची वाटी आणून ठेवली. कुणी, ते कुणी कबूल केलं नाही.

मग मला चटकच लागली. रोज एक-दोन ओळी. सिद्धलिंगप्पांची बायको गौरम्मा गुडघ्यानं अडली आहे, तिच्या घरी पाणी भरायला आज मी, उद्या मानसिंगची बजाबाई. अमक्याच्या मुलीचं बारसं रविवारी, सगळ्यांना बोलावणं. हिप्परग्याचं पाणी बुधवारी बंद, घागरी आजच भरा. त्या बुधवारी नळावर रिकामी घागर घेऊन आमच्यापैकी कुणीही उभं नव्हतं. मानसिंगला अक्षर येत नव्हतं, पण तो कुणाला तरी धरून रोज तिवईपाशी उभा करायचा आणि ऐकायचा. "वाच की, काय म्हंतोय आज आपला पेपर," असं म्हणायचा. 'आपला पेपर' हे नाव त्यानं ठेवलं. इतकी वर्षं 'भीमातीर' छापत होता, त्याला कधी आपला म्हणाला नव्हता.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी अंक मशीनवर चढायचा होता. पान चारवर शेठजींच्या जाहिरातीची जागा तशीच मोकळी, पाव पानाची. पंत फेटा बांधून नंदीध्वजांच्या मिरवणुकीला निघाले होते. गड्ड्यात त्यांना मान असायचा. उंबऱ्यातनं त्यांनी मानसिंगला सांगितलं, "बांधून ठेवलेला मजकूर आहे ना, तो घाल त्या जागी." त्यांच्या मनात देवळाच्या जीर्णोद्धाराचं आवाहन होतं. ते टेबलावर बांधून ठेवलं होतं.

सकाळीच मी रांजणाजवळच्या पेपरात शेवटच्या ओळी घातल्या होत्या. खोटं बोलत नाही, त्या मी रागानं घातल्या होत्या.

मानसिंग टेबलाकडे गेला नाही. तो सरळ रांजणाकडे आला, तिवईवरचा ठोकळा दोन्ही हातांनी उचलला, जागेत बसतो का ते बघितलं. जरा लहान पडत होता. त्यानं माझ्याकडे बघितलं.

"अंबुबाई, ह्योच का वं बांधून ठेवलेला?"

मी खिळ्यांच्या पेटीपुढं बसले होते. एक शब्द म्हटला असता तर झालं असतं. नको म्हणायला मला तोंड होतं, आणि नोकरीही एकच होती. सिद्धलिंगप्पा आतल्या अंगाला पोट धरून उभे होते. उद्या त्यांना निरोप द्यायचा होता.

"बांधलेला तर आहे," मी म्हटलं.

"व्हय, मग ह्योच," म्हणाला आणि चारी बाजूंनी कोरे ठोकळे मारून त्यानं तो पानात घट्ट बसवला. दुपारी तीन वाजेपर्यंत दोन हजार प्रती निघाल्या. सुलट्या. माझ्या हातचा मजकूर कागदावर मी पहिल्यांदाच बघत होते, आणि या खेपेला पेपर उन्हाकडे धरावा लागला नाही.

संक्रांतीला सगळं गाव गड्ड्यात. जत्रेतल्या देवाच्या लग्नाच्या अक्षता पडल्या, लोक पांगले, कुणी पाळण्याकडे, कुणी भांड्यांच्या दुकानाकडे, आणि ज्याच्या त्याच्या हातात तीळगूळ बांधायला म्हणा की वाचायला म्हणा, 'भीमातीर'. पान चारवर छापलं होतं:

'छापखान्यातील मंडळींस. शिसे पोटात जाते. पट्टी दातांत धरू नये. राखेने हात धुतल्याशिवाय भाकरी मोडू नये. गौरम्मांकडे पाणी आज बजाबाई भरतील. सिद्धलिंगप्पा पीत नाहीत. त्यांच्या हिरड्यांवर निळी रेघ आहे, ज्यास शंका असेल त्याने पाहावी. मालकांस हे कोण सांगणार?' आणि खाली डॉक्टरांचा लेख.

मालकांना सगळ्या गड्ड्यानं सांगितलं. पुढचं मला नंतर कळलं. पंत फेटा सावरत चालले होते तर एका वकिलानं हसत विचारलं, पंत, मालकांना सांगितलं का कुणी? मग एका मास्तरांनी विचारलं. मग पाळणेवाल्यानं. बांगड्या भरणाऱ्या बायकांतून आवाज आला. पंतांना आधी काही समजेना, कारण अंक त्यांनी अजून उघडला नव्हता. शेवटी एका पोरीच्या हातातली तीळगुळाची पुडी सोडून त्यांनी ती वाचली.

ते तसेच छापखान्यात आले. फेटा तिरका, कान लाल. सुट्टी होती, पण आम्ही सगळे गोळा होऊन बसलो होतो. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. त्यांनी पान चार टेबलावर आपटलं आणि विचारलं, हे कुणी जुळवलं.

मी उभी राहिले. मानसिंगही उभा राहिला आणि म्हणाला की मालक, तुमी बांधलेला घाल म्हणाला, मला कुटं वाचता येतंय. हसू लपवायला सगळ्यांनी माना खाली घातल्या.

पंतांनी पान पुन्हा हातात घेतलं. मग चष्मा लावला, पान वाचलं. पहिल्यांदाच ते नीट वाचत होते. ओळीवर बोट ठेवून, शेवटपर्यंत. संपादकाची सवय कुठं जाते? ते म्हणाले, "अंबुबाई, एकही चूक नाही यात."

"खिळे सोडताना बघत होते," मी म्हटलं.

ते सिद्धलिंगप्पांपुढं जाऊन उभे राहिले. सिद्धलिंगप्पांना एव्हाना सगळं कळलं होतं, पिण्याचं आणि जागा बघायचं दोन्ही. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, तो असता तर पंतांना सोपं गेलं असतं. पंतांनी हातानं खूण केली. सिद्धलिंगप्पांनी तोंड उघडलं. पंतांनी वाकून बघितलं. आयुष्यभर त्यांनी प्रुफं तपासली होती. त्या दिवशी त्यांनी मूळ प्रत बघितली.

फेटा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "अप्पा, मी तुमचा अपराधी आहे," एवढंच म्हणाले. बावीस वर्षांत ते त्यांना कधी अप्पा म्हणाले नव्हते.

तेवढ्यात दारात डॉक्टर. तीन वर्षं ते सदर लिहीत होते आणि तीन वर्षांत त्यांना एक पत्र आलं नव्हतं. आज संक्रांतीच्या दिवशी दवाखाना बंद असून अकरा जण हिरड्या दाखवायला येऊन गेले. तिघे पाट्या रंगवणारे, दोघे सोन्या-चांदीच्या गल्लीतले, एक तर नुसताच घाबरलेला हलवाई. डॉक्टर इतके खुशीत होते की त्यांनी आम्हा सगळ्यांना ओळीनं उभं करून तोंडं बघितली. माझ्या हिरड्यांवर सुरुवात होती, आणखी एकाच्या होती. त्यांनी पंतांनाही तोंड उघडायला लावलं. तिथं पानाच्या रंगाखाली रेघ असती तरी दिसली नसती.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. अंगणात नळाची तोटी आली, तिच्याखाली दगडी कुंडी, साबणाची वडी. जेवायला ओसरी. खिळ्यांच्या दगडावर भाकरी ठेवली तर पंत स्वतः ओरडायचे. सिद्धलिंगप्पांना डॉक्टरांनी शिशापासून लांब करायला सांगितलं, तेव्हा पंतांनी त्यांना आपल्या शेजारच्या खुर्चीवर प्रुफं वाचायला बसवलं. बावीस वर्षं ज्यानं अक्षर बघितलं, त्याच्या नजरेतनं काय सुटणार? आणि त्यांच्या घोडीवर, त्यांच्या खणांपुढं, दातांत काहीही न धरता, मी उभी राहिले. बाई जुळारी म्हणून लोक दारातनं वाकून बघून जायचे. बघू देत.

चाटी गल्लीतले शेठजी फाल्गुनात आले. त्यांची जाहिरात परत द्यायची होती, पण अट होती: पान चारवर, त्याच कोपऱ्यात. सगळं गाव तोच कोपरा वाचतं म्हणे. पंतांनी त्यांना चहा पाजला आणि 'थोर' हा शब्द मी तीन वेळा तपासला.

रांजणाजवळची तिवई तशीच राहिली. शाई न लावलेला आमचा पेपर रोज निघतो. आता पंतही वाचतात. ते दाढीचा छोटा आरसा घेऊन येतात, शिशावर धरतात आणि ओठ हलवत वाचतात. गेल्या महिन्यात त्यांनी मला एक चिठ्ठी आणून दिली आणि विचारलं, तुमच्या पेपरात जागा असेल तर एवढं घालाल का? आत्याबाई येणार आहेत, दोन दिवस घरी पाणी भरायला कुणी मिळेल का, असं होतं. मी म्हटलं, बघते, जागा उरली तर.

आणि चैत्रात एका सकाळी माझं एक प्रूफ सिद्धलिंगप्पांकडून परत आलं. 'धान्य' होतं, माझ्या हातनं 'घान्य' झालं होतं. त्यांनी त्या शब्दाखाली पेन्सिलनं रेघ ओढली होती. निळी पेन्सिल, आणि रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टीनं आखावी तशी सरळ. शेजारी समासात लिहिलं होतं: धोतराचा, अंबक्का.

ते प्रूफ मी दुरुस्त करून परत पाठवलं नाही. घरी नेलं.